ओलेग सालेन्को: विश्वचषकात एका सामन्यात पाच गोल, आणि त्यानंतर देशाकडून एकही सामना नाही. असं का झालं?

खारावारा
पुरुषांच्या फुटबॉल विश्वचषकात एका सामन्यात पाच गोल पहिल्यांदा केले ते रशियाच्या ओलेग सालेन्कोने. तारीख २८ जून १९९४, मैदान अमेरिकेतलं स्टॅनफर्ड स्टेडियम, समोर कॅमेरून, निकाल ६-१. १५व्या, ४१व्या, ४४व्या, ७२व्या आणि ७५व्या मिनिटाला गोल. त्याआधी कोचिश, फोंतेन, युसेबियो, बुत्राग्वेन्यो अशी मोठमोठी माणसं चारवर थांबली होती.

आता पुढचं ऐका. हाच त्याचा रशियाकडून शेवटचा सामना. वय वर्षं २४. रशियासाठी एकूण ८ सामने, ६ गोल, आणि सहाच्या सहा त्याच स्पर्धेतले (एक स्वीडनविरुद्ध, पाच हे). गोल्डन बूट (स्पर्धेत सर्वाधिक गोल करणाऱ्याचा मान) त्याला बल्गेरियाच्या स्टॉइचकोव्हबरोबर विभागून मिळाला. एकतिसाव्या वर्षी तो खेळातूनच बाहेर पडला.

सालेन्कोचा विषय निघाला की लोक एका वाक्यात निकाल लावतात: नशीब होतं, एका सामन्याचा गडी. मला हे मुळीच पटत नाही. हाच माणूस १९८९ मध्ये सौदी अरेबियात झालेल्या युवा विश्वचषकातही सर्वाधिक गोल करणारा होता, तिथेही पाच. युवा आणि मुख्य अशा दोन्ही विश्वचषकांत गोल करणाऱ्यांच्या यादीत पहिलं येणं हे नशिबाने होत नाही. लेनिनग्राडच्या झेनितमधून सोळाव्या वर्षी वर आला, मग प्रशिक्षक लोबानोव्स्कीच्या डायनॅमो कीव्हमध्ये गेला, १९९० मध्ये सोव्हिएत लीग आणि चषक दोन्ही जिंकणाऱ्या संघात होता. मग इतका मोठा रस्ता असा अचानक का संपला? गुडघा, राजकारण, चुकीचे क्लब की खरंच तेवढीच कुवत? जाणकारांनी लिहावं.

बाराबंदी
रुमाल टाकून ठेवतो. रात्री निवांत वाचणार.

तिसराडोळा
धागा चांगला आहे, पण मी विरुद्ध बाजूने लिहितो. त्या दिवशीचा कॅमेरून हा संघ उरलाच नव्हता. पैशांवरून खेळाडू आणि संघटना यांच्यात आधीपासून वाजलं होतं. ब्राझीलकडून ०-३ मार खाल्ला होता. पहिले दोन सामने खेळलेला गोलकीपर बेल तिसऱ्यात नव्हता, त्याच्या जागी सोंगो उभा राहिला. अशा संघाविरुद्ध पाच गोल, त्यातली एक पेनल्टी. स्वीडनविरुद्धचा गोलही पेनल्टीच. म्हणजे सहातले दोन गोल उभ्या चेंडूवर. खेळत्या चेंडूवरचे जे चार, ते सगळे एका दुपारी, एका विस्कटलेल्या बचावासमोर. याला मी थोर स्ट्रायकर म्हणणार नाही.

आणि याच सामन्यात ४२ वर्षांच्या रॉजर मिलाने रशियावर गोल केला, विश्वचषकातला सर्वांत वयस्क गोल करणारा म्हणून. त्या दुपारी दोन्हीकडचे बचाव कसे होते ते यावरून कळतं.

रंकाळाकाठ
तिसराडोळा, मालक, पेनल्टीवर एवढं बोलू नका. विश्वचषकात चेंडू ठेवून मागं सरताना पाय कसं लटपटत्यात ते इटलीच्या बॅजियोला इचारा, त्याच स्पर्धेच्या फायनलला त्याची पेनल्टी हुकली. आणि स्टॉइचकोव्हच्या सहात तीन पेनल्ट्या हायत, सालेन्कोच्या सहात दोन. स्टॉइचकोव्ह सात सामने खेळला, ह्यो गडी गटातच घरी गेला. त्याला कोण नशीबवान म्हणत न्हाई.

आमच्याकडं पेठेच्या टीमा शाहू स्टेडियमवर खेळत्यात तवा माणसं जाणकार असत्यात. कुणी लांबनं फटका हाणला की टाळ्या पडतात, पण जुनी माणसं बघतात की डीमध्ये, म्हंजे गोलपुढच्या चौकटीत, चेंडू सुटला तवा कोण आधी पोचला. सालेन्कोचा पहिला गोल बघा, डीमध्ये सुटलेला चेंडू आणि ह्यो तिथं हजर. दुसरा बघा, फ्रीकिक मिळाली, कॅमेरूनवाले अजून पंचाकडं बघत्यात, तवर त्सिम्बालारनं झटकन चेंडू आत सारला आणि ह्यो एकटा जागा होता. बाकी दहा जण झोपल्यावर जागं राहणं हाच स्ट्रायकरचा धंदा. विस्कटलेला बचाव सगळ्यांपुढं होता की, मग बाकीच्यांनी का न्हाई घातलं? रादचेन्कोनं एक घातला तेवढाच.

आकडेमोड
रंकाळाकाठ +१.

'एका सामन्याचा गडी' म्हणणाऱ्यांसाठी एक आकडा ठेवतो. सालेन्को १९९३ च्या सुरुवातीला स्पेनच्या लोग्रोन्येस क्लबात गेला. ला रियोहा प्रांतातलं लोग्रोन्यो हे गाव वाइनसाठी प्रसिद्ध, फुटबॉलच्या नकाशावर मात्र लहान. रियाल, बार्सेलोना, देपोर्तिवो यांच्या लीगमध्ये कसंबसं टिकून राहणारा हा संघ. १९९३-९४ च्या हंगामात सालेन्कोने त्यांच्यासाठी लीगमध्ये १६ गोल केले आणि क्लब वरच्या श्रेणीत राहिला.

उन्हाळ्यात विश्वचषक झाला, सालेन्को वालेन्सियाला गेला. पुढच्या हंगामात, १९९४-९५ मध्ये, लोग्रोन्येसच्या अख्ख्या संघाने ३८ सामन्यांत मिळून १५ गोल केले. दोनच सामने जिंकले, १३ गुण, तळाला राहून खाली गेले. एकट्या माणसाचे १६ आणि तो गेल्यावर पूर्ण संघाचे १५. दुसरेही खेळाडू गेले असतील, प्रशिक्षक बदलले असतील, ते मान्य. पण एवढ्या दुबळ्या संघात, जिथे सामन्यात चेंडूच दोन-तीनदा नीट मिळतो, तिथे १६ गोल करायला काय लागतं याचा विचार करा.

तिसराडोळा
१५ चा आकडा जबरदस्त आहे, लक्षात ठेवण्यासारखा. पण मग वालेन्सियात काय झालं? तिथे तर चेंडू भरपूर मिळत होता.

निळावंती
मला फुटबॉलमधलं फार कळत नाही, पण धागा आवडला. एक शंका आहे, कोणीतरी जरा इस्कटून सांगा. चोवीस वर्षांचा मुलगा, गोल्डन बूट घेऊन परततो आणि त्याला देशाच्या संघात पुन्हा बोलावतच नाहीत? क्रिकेटमध्ये एका शतकावर लोक पाच वर्षं संघात राहतात!

व्होल्गाकाठी
निळावंती, यासाठी थोडं मागे जावं लागेल.

१७ नोव्हेंबर १९९३ ला अथेन्समध्ये रशिया ग्रीसकडून ०-१ हरला. विश्वचषकाची पात्रता आधीच मिळाली होती, पण खेळाडूंचा राग वर आला. प्रशिक्षक पावेल सादिरिन नको, अनातोली बिशोव्हेत्स हवा, शिवाय मानधन आणि सोयी यांच्या मागण्या, असं एक पत्र चौदा खेळाडूंनी सह्या करून दिलं. रशियन फुटबॉलमध्ये ते 'चौदा जणांचं पत्र' म्हणूनच ओळखलं जातं. सह्या करणारे बरेचसे पश्चिम युरोपातल्या क्लबांत खेळणारे होते. सोव्हिएत व्यवस्थेत वाढलेली ही पोरं एकदम इटली, स्पेन, इंग्लंडात गेली, तिथे संघ कसा सांभाळतात ते पाहिलं आणि परत येऊन जुन्याच संघटनेशी त्यांची गाठ पडली. भांडण होणारच होतं.

सादिरिन राहिला. मग काहींनी सही मागे घेतली, काहींनी नाही. मँचेस्टर युनायटेडचा कांचेल्स्किस, इंटर मिलानचा शालिमोव, फोज्जाचा कोलिवानोव, किर्याकोव, दोब्रोवोल्स्की हे अमेरिकेला गेलेच नाहीत. म्हणजे रशियाचा अर्धा हल्ला घरी. सालेन्कोने सही केली होती आणि मागे घेतली. एक धागा इथे महत्त्वाचा आहे: १९८६ मध्ये सालेन्को झेनितच्या मुख्य संघात आला तेव्हा तिथला प्रशिक्षक सादिरिनच होता. १९८४ मध्ये झेनितला सोव्हिएत विजेतेपद मिळवून देणारा हाच माणूस.

विश्वचषकात रशिया गटातच बाद झाला, सादिरिनला जावं लागलं, आणि त्याच्या जागी स्पार्ताक मॉस्कोचा ओलेग रोमान्त्सेव आला. नवीन प्रशिक्षकाने नवा संघ बांधायला घेतला, बाहेर राहिलेले बरेच जण परतले. कांचेल्स्किस, कोलिवानोव परत आल्यावर पुढच्या फळीत गर्दी झाली. सालेन्कोला बोलावणं आलं नाही. त्याच्या मनात काय होतं किंवा रोमान्त्सेवच्या मनात काय होतं हे मी सांगू शकत नाही, पण क्रम हा असा आहे. मोडकळीला आलेल्या घरात त्याने पाच गोल केले आणि दुसऱ्याच महिन्यात घराचा मालक बदलला.

निळावंती
धन्यवाद व्होल्गाकाठी, आता सगळं लागलं. वाईट वाटलं वाचून.

मांडवीपार
वाचून मजा येते आहे. व्होल्गाकाठी यांनी मांडलं त्यात एक भर. आपण सरळ 'रशियाचा' म्हणतो, पण त्या पिढीसाठी ते इतकं सोपं नव्हतं. सालेन्को लेनिनग्राडमध्ये जन्मला, वडील युक्रेनियन. कीव्हमध्ये चार हंगाम. सोव्हिएत संघ फुटल्यावर युक्रेनचा पहिलावहिला आंतरराष्ट्रीय सामना २९ एप्रिल १९९२ ला उझहोरोदमध्ये हंगेरीविरुद्ध झाला, १-३ हरले, आणि त्या संघात सालेन्को होता! म्हणजे युक्रेनच्या पहिल्या सामन्याचा खेळाडू, आणि रशियाचा विश्वचषकातला विक्रमवीर, एकच माणूस.

युक्रेनला १९९४ च्या पात्रता फेरीत जागाच मिळाली नाही, सोव्हिएत संघाची जागा रशियाकडे गेली. त्यामुळे युक्रेनमधल्या लुहान्स्कचे युरान आणि ओनोप्को, ओदेसाचे निकिफोरोव आणि त्सिम्बालार हे सगळे रशियाकडून खेळले. कॅमेरूनविरुद्ध सालेन्कोच्या दुसऱ्या गोलाचा चेंडू ओदेसाच्या माणसाने दिला आहे. त्या ६-१ ला आज कोणाच्या खात्यात टाकायचं?

व्होल्गाकाठी
मांडवीपार, अगदी बरोबर मुद्दा. पण मी तो विजय रशियाच्याच खात्यात ठेवेन. शर्ट ज्याचा, गोल त्याचा. खेळाडूंनी तेव्हा करिअर पाहिलं, त्यात गैर काही नाही. फुटबॉलपटूचं आयुष्य दहा वर्षांचं, विश्वचषक चार वर्षांनी.

मांडवीपार
इथे आपलं जमणार नाही. शर्ट ज्याचा म्हणता, पण खेळाडू घडवला कोणी? लोबानोव्स्कीच्या कीव्हमध्ये पळणं, जागा घेणं, चेंडू नसताना काय करायचं याची तालीम झाली, ती मॉस्कोने दिलेली नाही. असो. पाहुण्यांच्या घरी भांडण नको.

अवांतर: आमच्या पिढीने सोव्हिएत फुटबॉल टीव्हीवरच नाही, भारतात आलेला पाहिला आहे. नेहरू चषक १९८५ ते १९८८ सलग चार वर्षं सोव्हिएत संघाने नेला. कोची, तिरुवनंतपुरम, कालिकत, सिलिगुडी. मुख्य संघ नसायचा, तरी पळायचे किती! गोव्यातली क्लबातली मंडळी कितीतरी दिवस त्याच चर्चेत असायची.

गणपतीपुळे_एक्स्प्रेस
आता मी एक गणित मांडतो. विश्वचषकाच्या वेळापत्रकात डोकं घालायची मला जुनी खोड आहे.

६-१ जिंकूनही रशिया बाद झाला, हे सगळ्यांना माहीत. पण तो त्याच रात्री बाद झाला नाही! १९९४ मध्ये २४ संघ, सहा गट. प्रत्येक गटातले पहिले दोन आणि सहापैकी चार सर्वोत्तम तिसरे संघ पुढे जात. विजयाला तीन गुण याच विश्वचषकापासून सुरू झाले. रशिया ब्राझीलकडून ०-२, स्वीडनकडून १-३ हरला, मग ६-१. म्हणजे ३ गुण, ७ गोल केले, ६ खाल्ले, फरक अधिक एक. तो अधिक एक सालेन्कोमुळे. दोन-तीनच गोल झाले असते तर आशाच नव्हती.

तिसऱ्या जागेवरचे इटली आणि अमेरिका ४ गुणांवर होते, दक्षिण कोरिया २ वर. उरले दोन गट. त्यातल्या एकाही गटातला तिसरा संघ रशियाच्या खाली राहिला असता तर रशिया बाद फेरीत.

२९ जून: सौदी अरेबिया विरुद्ध बेल्जियम, वॉशिंग्टन. बेल्जियम जिंकला असता तर सौदी ३ गुणांवर आणि उणे फरकावर अडकत होता, रशिया आत. बेल्जियमने आधीचे दोन्ही सामने जिंकलेले. आणि पाचव्या मिनिटाला सईद अल ओवैरान स्वतःच्या अर्ध्यातून चेंडू घेऊन निघाला, बेल्जियमचे बचावपटू एकामागून एक मागे टाकत गेला आणि गोल. विश्वचषकातला सर्वांत देखण्या गोलांपैकी एक. १-० सौदी. रशियाचं एक दार बंद.

३० जून: अर्जेंटिना विरुद्ध बल्गेरिया, डॅलस. अर्जेंटिनाने ग्रीस आणि नायजेरिया दोघांना हरवलेलं. ते जिंकले असते तर बल्गेरिया ३ गुण, फरक शून्य किंवा खाली, रशियाचा अधिक एक, रशिया आत. आणि नेमकं त्याच दिवशी इफेड्रिन या बंदी असलेल्या औषधाच्या प्रकरणात मॅराडोना स्पर्धेबाहेर गेला. बल्गेरिया २-० जिंकला. पहिला गोल कोणाचा? स्टॉइचकोव्हचा.

आता विचार करा. ज्या माणसाबरोबर सालेन्कोला गोल्डन बूट वाटून घ्यावा लागला, त्यानेच सालेन्कोला चौथा सामना खेळू दिला नाही. एक सामना आणखी मिळाला असता तर बूट एकट्याचा झाला असता, रोमान्त्सेव किंवा कोणालाही त्याला दूर ठेवणं इतकं सोपं गेलं नसतं. हा माणूस दोन दिवसांत दोन मैदानांवर, स्वतः न खेळता हरला.

बाराबंदी
रुमाल टाकला ते बरं केलं. गणपतीपुळे_एक्स्प्रेस, दंडवत घ्या! मॅराडोनाच्या त्या चाचणीने रशियाचंही नुकसान झालं हे आजवर कोणी सांगितलं नव्हतं.

रंकाळाकाठ
ह्याला म्हणत्यात प्रतिसाद! ओवैरानचा गोल मी कितींदा बघितला आसंल, पण त्यापायी मॉस्कोत कुणाच्या पोटात कालवलं आसंल ह्यो इचार कवा आला न्हाई.

क्लाइडकाठी
ग्लासगोहून लिहितोय. इथे नोकरीला आलो तेव्हापासून माझे बरेच सहकारी इथल्या रेंजर्स क्लबचे पक्के पाठीराखे, त्यामुळे सालेन्कोचा पुढचा अध्याय कानावर सतत पडलेला आहे.

तिसराडोळा यांचा प्रश्न होता वालेन्सियाचा. वालेन्सियाने १९९४ मध्ये प्रशिक्षक आणला तो ब्राझीलला विश्वचषक जिंकून दिलेला कार्लोस आल्बेर्तो पारेरा. पुढच्या फळीत मिजातोविच होता, पेनेव होता. मिजातोविचच्या पायात चेंडू असला की खेळ त्याच्याभोवती फिरायचा. लोग्रोन्येसमध्ये सगळे पास सालेन्कोकडे जायचे, इथे त्याच्या वाट्याचे पास विभागले गेले. लीगमध्ये ७ गोल. वाईट नाही, पण गोल्डन बूटवाल्याकडून लोकांना २० हवे होते.

१९९५ च्या उन्हाळ्यात तो रेंजर्सला आला. गॅस्कॉइन त्याच उन्हाळ्यात आला, लॉड्रप आधीच होता, मकॉइस्ट होताच. स्कॉटिश लीगमध्ये सालेन्कोचे १६ सामने, ७ गोल. मला विचाराल तर हा वेग उत्तम आहे. पण इथला खेळ वेगळा. जानेवारी, ओलं मैदान, वारा, उंच चेंडू, बचावपटू अंगावर येऊन आदळणार. त्याची जात चेंडू जमिनीवर असताना अर्ध्या पावलाची जागा मिळवण्याची. जानेवारी १९९६ मध्ये रेंजर्सने त्याला तुर्कस्तानच्या इस्तंबूलस्पोरला दिलं आणि बदल्यात डच फॉरवर्ड पीटर व्हान व्होसन घेतला.

आता मौज बघा. त्याच व्हान व्होसनने नोव्हेंबर १९९६ मध्ये सेल्टिकविरुद्ध रिकाम्या गोलसमोरून चेंडू वर मारला. रेंजर्स १-० जिंकले म्हणून बचावला, पण तो चुकलेला गोल इथे आजही काढला जातो. कॅन्टीनमध्ये हा विषय निघाला की कोणीतरी म्हणतंच, सालेन्कोने तो डोळे मिटून घातला असता. आणि मलाही तसंच वाटतं, कारण रिकाम्या जागेत चेंडू ढकलणं हा त्याचा हातखंडा खेळ होता.

पाचोळा
अवांतराबद्दल आधीच क्षमस्व, पण रशियन स्ट्रायकर म्हटलं की मला अर्शाविनच आठवतो. २१ एप्रिल २००९, अॅनफिल्ड, आर्सेनलकडून लिव्हरपूलविरुद्ध चार गोल, ४-४. त्याच्याबद्दलही लोक हेच म्हणतात: एक रात्र आणि मग उतरण. रशियन फॉरवर्डच्या नशिबातच हे लिहिलंय का?

केर्झाकोव आणि झ्यूबा यांनी देशासाठी प्रत्येकी तीसच्या घरात गोल केले, बेसचास्त्निखने २६. ही माणसं वर्षानुवर्षं टिकली, पण जगभर नाव विचारा तर सालेन्को आणि अर्शाविन.

व्होल्गाकाठी
पाचोळा, अर्शाविनची तुलना मला पटत नाही. तो मुळात स्ट्रायकर नव्हता, डावीकडून किंवा मागून येणारा. आणि त्याची उतरण तो तंदुरुस्त असताना झाली. सालेन्कोचं शरीरच थांबलं.

टिकण्याबद्दल म्हणाल तर रशियन फुटबॉलमधला सर्वांत गुणी फॉरवर्ड मानला जातो तो स्त्रेल्त्सोव, तोर्पेदो मॉस्कोचा. १९५८ च्या विश्वचषकाच्या तोंडावर अटक, बलात्काराच्या आरोपाखाली १२ वर्षांची शिक्षा, पाच वर्षांनी सुटका. १९६५ मध्ये परत येऊन तोर्पेदोला विजेतेपद मिळवून दिलं, १९६७ आणि १९६८ मध्ये सोव्हिएत संघाचा सर्वोत्तम खेळाडू. त्या खटल्यावर रशियात आजही दोन तट आहेत आणि तो वेगळ्या धाग्याचा, गंभीरपणे बोलण्याचा विषय आहे. इथे एवढंच की त्याला पुनरागमन करता आलं कारण परत आला तेव्हा पाय शाबूत होते.

सांधेजोड
शेवटचं वाक्य वाचून लिहायला बसले. मी फिजिओथेरपिस्ट आहे, खेळाडूंबरोबर काम करते.

सालेन्कोच्या गुडघ्याबद्दल वर कोणी नीट लिहिलं नाही. इस्तंबूलस्पोरला गेल्यावर सुरुवातीला गोल होत होते. मग गुडघ्याने दगा दिला, शस्त्रक्रिया झाल्या, आणि १९९६ नंतर तो जवळजवळ खेळूच शकला नाही. तीनेक वर्षांनी स्पेनमध्ये दुसऱ्या श्रेणीतल्या कोर्दोबाकडून परतायचा प्रयत्न केला, थोडेच सामने झाले. मग पोलंडच्या पोगोन श्चेचिनकडून एक सामना, आणि २००१ मध्ये निवृत्ती.

क्लाइडकाठी यांनी 'अर्ध्या पावलाची जागा' म्हटलं ते अगदी नेमकं आहे. लांब पळणारा विंगर गुडघा दुखावला की वेग थोडा कमी करून, जागा बदलून खेळतो. मधल्या फळीतला खेळाडू मागे सरकून पास देत राहतो. डीमधल्या स्ट्रायकरला पर्याय नसतो. त्याचं सगळं काम म्हणजे पूर्ण वेगात थांबणं, एका पायावर वजन टाकून वळणं आणि दुसऱ्याने फटका मारणं. हे वळण पूर्णपणे गुडघ्यावर पडतं. शस्त्रक्रियेनंतर ताकद परत येते, सूज उतरते, सरळ पळताही येतं. पण त्या पायावर विश्वास ठेवून न विचार करता वळणं सर्वांत शेवटी येतं, कधीकधी येतच नाही. तेवढ्या विचारात बचावपटू पोचलेला असतो.

म्हणून २६-२७ व्या वर्षी ज्याचा गुडघा गेला त्याला 'एका सामन्याचा गडी' म्हटलेलं ऐकलं की मला राग येतो. स्ट्रायकरची सर्वोत्तम वर्षं २५ ते ३०. ती त्याला मिळालीच नाहीत. आपण त्याचा अर्धाच डाव पाहिला आहे.

तिसराडोळा
सगळं वाचलं. सांधेजोड आणि आकडेमोड यांचे प्रतिसाद वजनदार आहेत. तरी माझं म्हणणं मी थोडं बारीक करून पुन्हा मांडतो. सालेन्को चांगला स्ट्रायकर होता, यावर वाद नाही. पण विक्रम आणि मोठेपण या दोन गोष्टी वेगळ्या. म्युलर, ब्राझीलचा रोनाल्डो, क्लोजा यांनी मोठ्या संघांविरुद्ध, बाद फेऱ्यांत, अनेक विश्वचषकांत गोल केले. सालेन्कोने ब्राझीलविरुद्ध काही केलं नाही, स्वीडनविरुद्ध पेनल्टी. कॅमेरूनच्या पाच गोलांवर त्याला त्यांच्या पंगतीत बसवू नका, एवढंच.

रंकाळाकाठ
म्युलरच्या पंगतीत कुणी बसवलंच न्हाई की मालक! आमचं म्हणणं एवढंच हाय की दारातनं हाकलू नका.

तिसराडोळा
हे चालेल.

खारावारा
धागा काढताना वाटलं नव्हतं इतकं खोल जाईल. सगळ्यांचे आभार.

माझं मत आता असं झालंय. कुवत होती, याबद्दल लोग्रोन्येसचे १६ गोल माझ्यासाठी कॅमेरूनच्या पाच गोलांपेक्षाही मोठा पुरावा आहेत. तीन गोष्टी एकामागोमाग आल्या. राष्ट्रीय संघ भांडणात मोडला आणि नवा प्रशिक्षक आला. मोठे क्लब मिळाले ते त्याच्या खेळाला न मानवणारे. आणि सावरायला वेळ मिळायच्या आत गुडघा गेला. पहिल्या दोन गोष्टींतून बरेच खेळाडू बाहेर येतात, मोस्तोवोयही चौदा जणांच्या पत्रावर सही करणाऱ्यांतलाच, पुढे सेल्ता व्हिगोत त्याने केवढं नाव काढलं. तिसरीतून सालेन्कोला बाहेर येता आलं नाही. गणपतीपुळे_एक्स्प्रेस यांनी दाखवलेली ती दोन दिवसांची गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. बेल्जियमने एक गोल केला असता, आणखी एक केला असता...

तिसराडोळा यांच्याशी मी अजूनही एका बाबतीत भांडणार. चौथा आणि पाचवा गोल पुन्हा बघा. ७२व्या मिनिटाला तेत्रादझे उजवीकडून चेंडू आत देतो, सालेन्को थांबत नाही, पहिल्याच स्पर्शात आत. तीन मिनिटांनी पुढे आलेल्या सोंगोच्या अंगावरून उचलून टाकलेला पाचवा. एक गडबडीतला, एक आळसाचा फायदा घेतलेला, एक पेनल्टी, एक पहिल्या स्पर्शाचा, एक उचललेला. पाच गोल, पाच तऱ्हा. विस्कटलेला बचाव एकच तऱ्हेचा गोल पाच वेळा देतो, असे पाच देत नाही.

कालवी
उशिरा आले, सगळं वाचून काढलं. पंधरा वर्षांच्या मुलांच्या संघाला सराव देते, रविवारी त्यांना हे पाचही गोल दाखवणार आहे. चौथा दोनदा दाखवेन. चेंडू तेत्रादझेकडे जायच्या आधी सालेन्को कुठे उभा आहे आणि बचावपटूच्या पाठीमागून कधी निघतो ते पोरांनी बघायला हवं. आमची पोरं चेंडू पायात आला की मगच पळायला लागतात. क्लाइडकाठी, रेंजर्सकडून केलेल्या गोलांच्या चित्रफिती कुठे मिळतील तर सांगाल का?